मोठे प्रकल्प कुणाच्या दारात? टाउन आणि उपनगरांच्या ओढाताणीची साठ वर्षं

८ ऑक्टोबर २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी मुंबई महानगरातल्या दोन मोठ्या प्रकल्पांचं एकाच दिवशी उद्घाटन केलं. पहिला होता नवी मुंबईचा विमानतळ. त्याच्या पहिल्या टप्प्याचा खर्च सुमारे १९,६५० कोटी रुपये. दुसरा होता भुयारी मेट्रो-३ चा आचार्य अत्रे चौक ते कफ परेड हा अखेरचा टप्पा. आरेपासूनच्या साडेतेहतीस किलोमीटरच्या या संपूर्ण मार्गिकेचा खर्च ३७,२७० कोटींच्या घरात. विमानतळामुळे महानगराचा भार खाडीपलीकडे सरकेल. मेट्रोमुळे उपनगरांतल्या माणसाला बेटाच्या दक्षिण टोकाला कामावर जाणं सोपं होईल. दोन्ही प्रकल्प गरजेचे आहेत. पण दोन्ही एकत्र पाहिले की एक जुना प्रश्न पुन्हा समोर येतो. या महानगरातले मोठे प्रकल्प कुठे व्हावेत, हे ठरवतं कोण?

हा प्रश्न बहुतेक वेळा टाउन विरुद्ध उपनगर असा मांडला जातो. फोर्ट, नरिमन पॉइंट, कफ परेड एका बाजूला. वांद्रे, अंधेरी, ठाणे, नवी मुंबई दुसऱ्या बाजूला. कंपन्या जुनं सोडून नव्याकडे जातात, बाजार आपली वाट शोधतो, असं सांगितलं जातं. मुंबईचा साठ वर्षांचा इतिहास पाहिला तर हे चित्र अपुरं ठरतं. इथे बाजार नेहमी सरकारच्या मागोमाग गेला आहे. जमीन सरकारी, एफएसआयचे (जमिनीवर किती बांधता येईल याचे) नियम सरकारी, रेल्वे आणि पूल सरकारी, आणि सर्वांत मोठं कार्यालयही सरकारचंच. ही चारही साधनं हाती असताना सरकारनं कधीच एक बाजू निवडली नाही. त्याचे परिणाम कोटभर लोक रोज सोसत आहेत.

ठराव एकीकडे, भूखंड दुसरीकडे

मुंबईची गर्दी मुख्य भूमीकडे वळवावी ही कल्पना जुनी आहे. १९५८ साली नेमलेल्या स. गो. बर्वे समितीनं ठाण्याच्या खाडीवर पूल आणि पलीकडे नवी वसाहत सुचवली. १९६५ मध्ये धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक समिती नेमली गेली आणि तिनंही विकेंद्रीकरणावर भर दिला. त्याच वर्षी चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी ‘मार्ग’ या नियतकालिकात खाडीपलीकडच्या जुळ्या शहराची मांडणी केली. त्यांचा मुद्दा साधा होता. बेट अरुंद आणि दक्षिणोत्तर लांबट आहे, नोकऱ्या दक्षिण टोकाला आहेत आणि घरं उत्तरेला सरकत आहेत. लोकल गाड्या कितीही वाढवल्या तरी सकाळी सगळे एकाच दिशेनं जाणार. तेव्हा नोकऱ्यांचं केंद्रच पूर्वेला हलवलं पाहिजे.

सरकारनं हे मान्य केलं. १७ मार्च १९७० रोजी नवं शहर वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं. ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र आणि ९५ गावं अधिसूचित झाली. नव्या शहरासाठी वीस लाख लोकसंख्येचं उद्दिष्ट ठरलं. संपूर्ण योजनेचा आधार होता तो सरकारच्या स्थलांतराचा. मंत्रालय आणि त्याभोवतीची कार्यालयं खाडीपलीकडे गेली तर बँका, वकील, कंत्राटदार, कंपन्या आपोआप मागे येतील, असा नियोजनकारांचा हिशेब होता.

मंत्रालय हललं नाही. उलट त्याच वर्षांत नरिमन पॉइंटला समुद्रात भराव टाकून तयार केलेल्या जमिनीवर एकामागून एक टॉवर उभे राहिले. एक्सप्रेस टॉवर्स १९७२ मध्ये आणि एअर इंडियाची इमारत १९७४ मध्ये पूर्ण झाली. १९८१ साली इंदिरा गांधींच्या हस्ते नव्या विधान भवनाचं उद्घाटन झालं, तेही नरिमन पॉइंटलाच. ज्या राज्यानं जुळं शहर वसवायचा ठराव केला, त्याच राज्यानं आपलं विधिमंडळ बेटाच्या टोकाला ठेवलं. हे भूखंड विकून किंवा भाड्यानं देऊन मिळणारा पैसा तत्काळ होता, तर नव्या शहराचा फायदा वीस वर्षांनी दिसणार होता. पुढच्या प्रत्येक दशकात हाच हिशेब वेगवेगळ्या ठिकाणी दिसतो.

वाहतुकीचंही तसंच. खाडीवरचा पहिला रस्तेपूल १९७३ मध्ये झाला, पण मानखुर्दहून वाशीला लोकल पोहोचली ती १९९२ मध्ये, म्हणजे सिडकोच्या स्थापनेनंतर बावीस वर्षांनी. तोवर नवी मुंबईतल्या रहिवाशाला मुंबईत नोकरी करायची तर बसचाच आधार होता. या लोहमार्गाच्या खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोनं उचलला. देशातल्या इतर शहरांना रेल्वे मिळते. नवी मुंबईला ती जमीन विकून विकत घ्यावी लागली.

खाडीपलीकडे खरोखर काय गेलं

मंत्रालय गेलं नाही, तरी बरंच काही गेलं. आढावा घेताना या भागाकडे दुर्लक्ष होतं, कारण इथे काचेचे टॉवर नाहीत.

मस्जिद बंदरच्या गल्ल्यांमधला कांदा-बटाट्याचा, मसाल्यांचा, धान्याचा घाऊक व्यापार आणि भायखळा, क्रॉफर्ड मार्केटकडचा भाजी-फळांचा घाऊक बाजार १९८० आणि १९९० च्या दशकांत टप्प्याटप्प्यानं वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात, आला. व्यापारी खुशीनं आले नाहीत. बाजार समितीच्या कायद्याचा आधार घेऊन सरकारनं त्यांना हलवलं. पण बाजाराबरोबर माथाडी कामगारही आला. अण्णासाहेब पाटलांनी ज्यांची संघटना बांधली, ज्यांच्यासाठी १९६९ चा माथाडी कायदा झाला, ते प्रामुख्यानं सातारा आणि आसपासच्या डोंगरी तालुक्यांतले हमाल मस्जिद बंदरच्या गाळ्यांमधून कोपरखैरणे, घणसोलीच्या घरांत राहायला आले. पहाटे तीनला बाजारात ट्रक लागतो तेव्हा पाठीवर गोणी घेणाऱ्याचं घर आता लोकलच्या दीड तासावर नसतं. ते दोन-तीन स्थानकांवर असतं. काम आणि घर एकत्र हललं, म्हणून हे स्थलांतर टिकलं. नवी मुंबईच्या नियोजनातला सर्वांत यशस्वी प्रकल्प कोणता, असं विचारलं तर एपीएमसीचं नाव आधी घ्यावं लागेल.

दुसरा प्रकल्प बंदराचा. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवाचं जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं आणि मुंबई बंदरातली कंटेनरची वाहतूक तिकडे वळली. आज ते देशातल्या आघाडीच्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे. कॉटन ग्रीन, शिवडी, माझगाव या पट्ट्यातली गोदामं आणि गोदीची शेकडो एकर जमीन त्यामुळे रिकामी होत गेली. तिचं काय करायचं यावर समित्या बसल्या, आराखडे झाले. बेटाच्या पूर्व किनाऱ्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

या दोन्ही स्थलांतरांची किंमत मात्र मूळ गावकऱ्यांनी दिली. आगरी आणि कोळी समाजाची भातशेती, मिठागरं आणि मासेमारीच्या जागा संपादित झाल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. साडेबारा टक्क्यांचा प्लॉट मिळाला की नाही, या प्रश्नावर उरण-पनवेल भागात अजून निवडणुका फिरतात. विमानतळासाठी दहा गावं उठवली गेली तेव्हा हे प्रमाण साडेबावीस टक्क्यांवर गेलं. गावकऱ्यांना मिळालेला वाटा वाढत गेला तो सरकारच्या औदार्यानं नव्हे. मागच्या पिढीनं रस्त्यावर येऊन मिळवलेल्या हक्काच्या आधारानं.

बीकेसीचा हिशेब

१९७५ साली एमएमआरडीए ही महानगराची नियोजन संस्था स्थापन झाली. तिच्याकडे वांद्रे-कुर्ला संकुलाचं (बीकेसीचं) काम आलं: मिठी नदीच्या काठची दलदल आणि खारफुटी भरून सुमारे ३७० हेक्टरांवर नवं व्यापारी केंद्र उभं करायचं. उद्देश पुन्हा तोच, दक्षिण मुंबईवरचा ताण कमी करणं. सुरुवात रखडत झाली. मग नॅशनल स्टॉक एक्स्चेंज आलं, सेबी आली, बँका आल्या, २०११ मध्ये अमेरिकेचा वाणिज्य दूतावास ब्रीच कँडीहून इथे हलला.

एखादा धंदा टाउन कसा सोडतो हे पाहायचं तर हिऱ्यांच्या व्यापाराकडे पाहावं. ऑपेरा हाउसजवळच्या पंचरत्न आणि प्रसाद चेंबर्स या इमारती आणि त्यांच्या खालचे रस्ते हीच या धंद्याची जागा होती. दलाल फुटपाथवर उभ्यानं कागदाची घडी उलगडून हिरे दाखवत. मौल्यवान माल पोहोचवणाऱ्या अंगडियांच्या पेढ्या शेजारीच. सौदा ओळखीवर आणि शब्दावर व्हायचा. भारत डायमंड बोर्स ही संस्था १९८४ ची. तिचं बीकेसीतलं संकुल ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू झालं. नऊ इमारती, सुमारे अडीच हजार कार्यालयं, कडक सुरक्षा. तरीही अनेक व्यापारी हलायला तयार नव्हते. नव्या जागेत लहान दलालाला प्रवेशपत्राशिवाय पाऊल ठेवता येणार नव्हतं, आणि त्याचा धंदा तर दिवसाला पन्नास लोकांना भेटण्यावर चालायचा. १३ जुलै २०११ रोजी ऑपेरा हाउस, झवेरी बाजार आणि दादर इथे बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर स्थलांतराला वेग आला. सोयी तयार असून जे घडत नव्हतं, ते भीतीनं घडवलं.

बीकेसीच्या यशामागचं दुसरं कारण नियोजन प्राधिकरणाच्या तिजोरीत आहे. एमएमआरडीए इथे नियम ठरवते आणि जमीनही तीच विकते. २०१९ साली जपानच्या सुमितोमो समूहाच्या कंपनीनं इथला सुमारे तीन एकरांचा एक भूखंड २,२३८ कोटी रुपयांना घेतला. अशा व्यवहारांतून येणाऱ्या पैशातून रस्ते, उड्डाणपूल, मेट्रो उभे राहतात. म्हणून जास्त एफएसआय देऊन, जास्त भावानं भूखंड विकणं ही त्या संस्थेची गरज बनते. सिडकोची खारघर-बेलापूरमध्ये तीच गरज आहे आणि मुंबई बंदराची पूर्व किनाऱ्यावर तीच.

वरून टाउन आणि उपनगर यांच्यात दिसणारी स्पर्धा खरं तर जमीनमालक सरकारी संस्थांमधली आहे. प्रत्येकीला आपल्या भूखंडावर वित्तीय केंद्र हवं, कन्व्हेन्शन सेंटर हवं, कॉर्पोरेट पार्क हवं. महानगराला त्यापैकी किती हवीत आणि कुठे हवीत, हा प्रश्न विचारणारी संस्था यात नाही.

बीकेसीत काम करणाऱ्याचा दिवस सुरू होतो तो वांद्रे स्थानकाच्या पूर्वेला. लोकलमधून उतरलेला लोंढा जिना चढतो-उतरतो आणि शेअर रिक्षाच्या रांगेत उभा राहतो. एका रिक्षात तिघं मागे, ठरलेलं भाडं, कलानगरच्या सिग्नलला अडकणं. पावसाळ्यात हीच रांग छत्र्यांसह दुप्पट लांब होते. २००८ मध्ये शहरातला पहिला स्कायवॉक इथेच बांधला गेला, कारण खालच्या रस्त्यावर चालायला जागा नव्हती. देशातल्या सर्वांत महागड्या कार्यालयीन जमिनीला ऑक्टोबर २०२४ पर्यंत स्वतःचं रेल्वे स्थानक नव्हतं. मेट्रो-३ चा पहिला टप्पा तेव्हा बीकेसीपर्यंत आला. टॉवर आधी, रेल्वे नंतर, हा क्रम वाशीत होता तसाच इथेही राहिला.

गिरणगावात काय झालं

टाउन आणि उपनगर यांच्या मधोमध गिरणगाव होतं. अठ्ठावन्न कापड गिरण्या, सुमारे सहाशे एकर जमीन. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: एक मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकासाठी. शहराच्या मध्यावर दोनशे एकर उद्यानं आणि तेवढ्याच जमिनीवर परवडणारी घरं, अशी ती संधी होती. चार्ल्स कोरिया यांच्या समितीनं १९९६ मध्ये त्याचा एकत्रित आराखडाही दिला. २००१ मध्ये नियमात बदल झाला आणि वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बदल कायम ठेवला.

मग लोअर परळला मॉल, कार्यालयं आणि उंच निवासी टॉवर उभे राहिले. गिरणी कामगारांसाठी बांधलेली स्थानकं आणि अरुंद पूल तसेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण मरण पावले. पाऊस पडत होता, लोक जिन्यावर थांबले होते, आणि गाड्यांमधून आणखी लोक उतरत होते. त्या भागात नोकऱ्यांची घनता किती वाढवली याचा हिशेब एफएसआयच्या कागदांवर होता. त्या नोकऱ्यांपर्यंत माणसं कशी पोहोचतील याचा हिशेब कुणी केला नव्हता.

उपनगरांच्या वाट्याचे दुसरे प्रकल्प

मोठा प्रकल्प म्हटलं की डोळ्यांपुढे विमानतळ, मेट्रो, टॉवर येतात. कचराभूमी आणि पुनर्वसनाच्या वसाहती याही मोठ्या प्रकल्पांतच मोडतात. देवनारची कचराभूमी १९२७ पासून आहे. नंतर मुलुंड आणि कांजूरमार्ग आले. रस्ते, नाले, रेल्वे यांच्या रुंदीकरणात उठवलेल्या कुटुंबांसाठी मानखुर्द, गोवंडी, वाशी नाका, माहुल इथे दाटीवाटीच्या इमारती बांधल्या गेल्या. माहुलच्या शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने आहेत आणि तिथल्या हवेबद्दलचं प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. धारावीच्या पुनर्विकासातही अपात्र ठरणाऱ्या रहिवाशांसाठी ज्या जागांची चर्चा आहे, त्या पूर्व उपनगरांत आहेत. धारावीची जमीन मौल्यवान ठरली ती बीकेसीला लागून असल्यामुळे; पण बीकेसीनं वाढवलेल्या त्या मोलात तिथल्या सगळ्या रहिवाशांना वाटा मिळेलच असं नाही.

१९९१ च्या नियमांचा इथे आणखी एक परिणाम झाला. बेटावरच्या शहराला १.३३ आणि उपनगरांना १ एफएसआय होता, पण शहरात रस्त्यासाठी किंवा आरक्षणासाठी जमीन देणाऱ्याला जो टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) मिळायचा, तो वापरायचा मात्र उपनगरांत. शहरात रस्ता रुंद झाला की बोरिवली, पार्ले, मुलुंडमध्ये मजले वाढायचे. तिथले रस्ते, नाले, जलवाहिन्या होत्या तेवढ्याच राहिल्या.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्यात ७५ मिलिमीटरही नाही. ढगफुटीचं ठिकाण माणसाच्या हाती नव्हतं. मिठीचं पात्र अरुंद करणं, काठावर भराव टाकणं आणि पूर सामावून घेणारी खारफुटी काढणं हे मात्र माणसांनी ठरवून केलं होतं, आणि त्यात सरकारी प्रकल्पांचा वाटा मोठा होता.

दुसरीकडे, ज्या प्रकल्पांमुळे रोजचं जगणं सुधारतं ते दक्षिणेतच राहिले. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३०.८५ लाख होती आणि उपनगर जिल्ह्याची ९३.५७ लाख. २००१ ते २०११ या दशकात शहर जिल्ह्याची लोकसंख्या अडीच लाखांनी घटली, उपनगरांची सात लाखांनी वाढली. तरीही महापालिकेची केईएम, नायर आणि शीव ही तिन्ही मोठी वैद्यकीय महाविद्यालयं बेटावर. उपनगरांत कूपर रुग्णालयाला जोडून महापालिकेचं वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं ते २०१५ मध्ये. मुंबईच्या छत्तीस विधानसभा मतदारसंघांपैकी सव्वीस उपनगरांत आहेत. मतांचं वजन उत्तरेला सरकून दशकं झाली. रुग्णालयातल्या खाटांचं वजन अजून सरकतंच आहे.

लोकांनी स्वतःहून जे हलवलं ते मात्र बरंच आधी हललं. गिरगावच्या चाळींतला मराठी मध्यमवर्ग दादर, पार्ले, डोंबिवली, ठाणे, बोरिवलीला गेला आणि नाटकाचा प्रेक्षकही त्याच्यासोबत गेला. पार्ल्याचं दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह आणि ठाण्याचं गडकरी रंगायतन १९७० च्या दशकाच्या अखेरीस उभी राहिली. क्रिकेटला वेळ लागला. ब्रेबॉर्न आणि वानखेडे ही दोन मोठी मैदानं चर्चगेटजवळ हाकेच्या अंतरावर होती आणि उपनगरांत तोडीचं एकही नव्हतं. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २००८ मध्ये पहिल्या आयपीएलची अंतिम लढत झाली. २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिला संघानं विश्वचषक जिंकला, तोही त्याच मैदानावर.

टाउनकडे वळलेला पैसा

नरिमन पॉइंट संपलं, असं २०१० च्या दशकात सर्रास म्हटलं जायचं. भाडी बीकेसीच्या खाली गेली होती, इमारती जुन्या झाल्या होत्या. आता पारडं पुन्हा हलतंय. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं एअर इंडियाची इमारत १,६०१ कोटींना घेण्यास मंजुरी दिली, कारण सरकारी कार्यालयांना जागा कमी पडते. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं नरिमन पॉइंटचा ४.१६ एकरांचा भूखंड सुमारे ३,४७२ कोटींना घेतला. सागरी किनारा मार्ग मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्यानं खुला झाला. मेट्रो कफ परेडला पोहोचली. अटल सेतू १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाला, त्यामुळे चिर्ले ते शिवडी अंतर मिनिटांवर आलं.

मात्र पूल एका दिशेचा नसतो. नवी मुंबईला जवळ आणणारा सेतू नरिमन पॉइंटलाही जवळ आणतो. वाहतुकीचे प्रकल्प स्वतःहून विकेंद्रीकरण करत नाहीत. ते काम जमिनीच्या वापराचे निर्णय करतात. उच्च न्यायालयाचा निर्णय याचं चांगलं उदाहरण आहे. १८७८ मध्ये पूर्ण झालेली फोर्टमधली इमारत अपुरी पडू लागल्यावर नव्या संकुलासाठी वांद्रे पूर्वेच्या शासकीय वसाहतीतली सुमारे तीस एकर जागा ठरली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पायाभरणी झाली. न्यायालय हललं की वकिलांची कार्यालयं, टंकलेखक, नोटरी, कायद्याची पुस्तकं विकणारे असा अख्खा व्यवसाय हलतो. मंत्रालयाच्या बाबतीत १९७० मध्ये हेच अपेक्षित होतं.

लंडन, पॅरिस आणि हिंजवडी

ही ओढाताण फक्त मुंबईची नाही. पॅरिसनं १९५८ मध्ये शहराच्या पश्चिमेला ला देफांससाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमलं. १९७३ मध्ये मोंपार्नास टॉवरनं जुन्या शहराच्या आकाशरेषेला तडा दिल्यावर, १९७७ मध्ये शहराच्या आत ३७ मीटरची मर्यादा घातली. उंच इमारती तिकडे, इकडे नाहीत, असा तो निर्णय होता. तो पटो वा न पटो, गुंतवणूकदाराला आणि नागरिकाला तो स्पष्ट समजला.

लंडनच्या कॅनरी व्हार्फनं दुसरा धडा दिला. १९८१ मध्ये सरकारनं गोदींच्या जमिनीसाठी विकास महामंडळ स्थापन केलं, करसवलती दिल्या. स्पर्धेला घाबरून जुन्या ‘सिटी’नंही आपले बांधकाम नियम सैल केले. १९९१ मध्ये वन कॅनडा स्क्वेअर उभं राहिलं आणि पुढच्याच वर्षी विकासक ऑलिंपिया अँड यॉर्क कोसळली. ज्युबिली लाइन तिथे पोहोचली ती १९९९ मध्ये. पुढे मोठ्या बँका तिथे गेल्या. आता एचएसबीसी आपलं मुख्यालय कॅनरी व्हार्फमधून पुन्हा सिटीत नेणार आहे. नव्या केंद्राचा विजय कायमचा नसतो, आणि रेल्वेला उशीर झाला तर त्याची किंमत कुणाला तरी मोजावीच लागते.

पुण्यात स्पर्धेचं रूप वेगळं आहे. एमआयडीसीनं हिंजवडीत आयटी पार्क उभारला, लाखो नोकऱ्या आल्या, पण तो भाग महापालिकेच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतीच्या कारभारात राहिला. कर, रस्ते, सांडपाणी, कचरा यांची जबाबदारी एमआयडीसी, ग्रामपंचायत, पीएमआरडीए आणि शेजारची महापालिका यांच्यात विखुरली. नोकरी उपनगराला मिळाली, नगरपालिका मिळाली नाही. संध्याकाळी वाकडच्या पुलावर अडकलेली वाहनं हा त्या रिकाम्या जागेचा रोजचा परिणाम आहे.

तिसऱ्या मुंबईआधी

मुंबईची ही स्पर्धा आता महाराष्ट्राबाहेरही गेली आहे. आंतरराष्ट्रीय वित्तीय सेवा केंद्राचं स्वप्न बीकेसीसाठी पाहिलं गेलं. २०२० मध्ये अशा केंद्रांच्या नियामक प्राधिकरणाचं मुख्यालय गांधीनगरला गेलं. डिसेंबर २०२३ मध्ये सुरतेत सुमारे साडेचार हजार कार्यालयांचं हिरे संकुल उघडलं. मुंबईचा व्यापार तिकडे चटकन गेला नाही, पण पर्याय उभा राहिला आहे. नीती आयोगाच्या आराखड्यात महानगर प्रदेशाची अर्थव्यवस्था २०३० पर्यंत ३०० अब्ज डॉलरवर नेण्याचं उद्दिष्ट आहे. मार्च २०२४ मध्ये एमएमआरडीएला अटल सेतूच्या पलीकडे, उरण-पनवेल-पेण भागातल्या १२४ गावांच्या सुमारे ३२३ चौरस किलोमीटरवर नवं नगर वसवण्याचे अधिकार मिळाले. यालाच तिसरी मुंबई म्हटलं जातं.

हे नगर दुसऱ्या मुंबईच्या चुका टाळू शकतं, कारण त्या आता सर्वांना ठाऊक आहेत. लोकल किंवा मेट्रो कोणत्या वर्षी येणार ते पहिला भूखंड विकण्याआधी ठरलं पाहिजे. एपीएमसीनं जसा माथाडीला बरोबर घेतला, तसे नव्या नोकऱ्यांबरोबर त्या पगारात परवडणारी घरं आली पाहिजेत. गावकऱ्यांना परत मिळणाऱ्या जमिनीचा वाटा आणि जागा संपादनाआधी लेखी हवी. त्यासाठी आणखी एका जासईची वाट पाहायला लावू नये. वैद्यकीय महाविद्यालय, विद्यापीठ आणि जिल्हा पातळीवरची कार्यालयं पहिल्या टप्प्यात हवीत. राज्य सरकारनंही एखादा मोठा विभाग सचिवासह तिथे हलवून सुरुवात स्वतःपासून करावी.

हे सगळं एका टेबलावर ठरवायची तरतूद आधीपासून आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीनं महानगर नियोजन समितीची व्यवस्था केली, तिचे दोन तृतीयांश सदस्य नगरपालिका आणि पंचायतींच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींमधून यायचे आहेत, आणि महाराष्ट्रानं १९९९ मध्ये त्यासाठी कायदाही केला. मुंबई महानगरात नियोजनाची खरी सूत्रं या समितीच्या हाती कधी आली नाहीत. ती एमएमआरडीए, सिडको, म्हाडा, महापालिका आणि बंदर यांच्यात वाटलेली राहिली. तिसऱ्या मुंबईचा आराखडा, गोदीच्या जमिनीचा वापर, नरिमन पॉइंटचा पुनर्विकास आणि बीकेसीतला वाढीव एफएसआय हे चार निर्णय येत्या काही वर्षांत व्हायचे आहेत. ते चारही या समितीपुढे एकत्र, खुल्या सुनावणीत आणि आकडेवारीसह यावेत, अशी मागणी वसई-विरारपासून उरणपर्यंतच्या प्रत्येक लोकप्रतिनिधीनं सरकारकडे लेखी नोंदवली पाहिजे.